रामबागेतल्या घराची फरशी: टाइलच्या खालचं काम

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

कामाची नोंद ठेवायची असं ठरवलंय, कारण मागच्या वेळी बाथरूम केलं तेव्हा कोणत्या दिवशी काय झालं ते नंतर कोणालाच आठवत नव्हतं आणि मिस्त्री आणि मी दोघं आपापल्या तारखा सांगत होतो.

घर आजोबांनी १९७९ मध्ये बांधलं, म्हणजे नर्मदेचं पाणी इंदौरला आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी. खाली हॉल (१२ बाय १४ फूट), त्याला लागून आईची खोली (१० बाय ११). दोन्हीकडे जुनी सिमेंटची मोझॅक फरशी, काळे-पांढरे-लाल चिप्स असलेली. हॉलच्या अंगणाकडच्या कोपऱ्यात आईचं लोखंडी कपाट आहे, त्याच्या एका पायाखाली मला कळायला लागल्यापासून पुठ्ठ्याची घडी आहे. बाबा दर दिवाळीला ती बदलायचे. फरशी खचलीय हे सगळ्यांना माहीत होतं, पण पुठ्ठ्याने भागत होतं.

आता भागत नाही, कारण मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती वॉकर घेऊन चालते आणि स्वयंपाकघर ते हॉल मध्ये दगडी उंबरठा आहे १८ मिलिमीटरचा. तेवढ्यावर वॉकरचा पुढचा पाय अडतो. त्यामुळे ठरलं की दोन्ही खोल्यांत सिरॅमिक टाइल, दोन बाय दोनची, मॅट, आणि स्वयंपाकघराच्या कोटा स्टोनशी एकदम बरोबरीत, उंबरठा नाही, पट्टी नाही, काही नाही. पाडव्याच्या आत. पाडवा ३० मार्चला.

आज पहिला मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, "तोड़ना क्यों भिया, ऊपर से ही चिपका देते हैं, चार दिन का काम।" मी कोपरा दाखवला तर म्हणाला, "वो टाइल में निकल जाएगा।" हे वाक्य या महिन्यात किती वेळा ऐकायला मिळतंय ते मोजणार आहे. एक.

तो गेल्यावर मी बाबांच्या जुन्या काठीने सगळी फरशी ठोकून बघितली. हॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक तिसरी फरशी बद्द वाजते, म्हणजे खालून पोकळ. बद्द वाजणाऱ्या फरशीवर नवीन टाइल चिकटवली तर नवीन टाइल जुनीला धरून बसेल आणि जुनी कशालाच धरून नसेल. शिवाय स्वयंपाकघराच्या दारापाशी जुनी फरशी कोटा स्टोनपेक्षा ८ मिलिमीटरच खाली आहे. टाइल ९, खालचा अॅडहेसिव्ह ५, म्हणजे १४. वरून चिकटवलं असतं तर दारात ६ मिलिमीटरची नवी ठेच तयार. उंबरठा काढून ठेच बसवायची, काय अर्थ आहे.

२४ आणि २५ फेब्रुवारी

दुसरा मिस्त्री ठरवला, वय साठीच्या आसपास, बोलतो कमी. त्याच्याबरोबर बेलदार, म्हणजे मजूर, जोडपं, अलीराजपूरकडचं. तोडफोड दोन दिवस. मोझॅक फरशी २० मिलिमीटर, त्याखाली चुना-सिमेंटचा जुना थर ३० ते ४०, तो नुसत्या हाताने सुटत होता. त्याखाली जुना कोबा (काँक्रीटचा तळाचा थर), बऱ्यापैकी शाबूत, फक्त अंगणाकडचा कोपरा सोडून.

मलबा साठ-सत्तर पोती निघाला. आपल्याकडे घरासमोर रस्त्यावर टाकायची सोय नाही, निगमवाले (महानगरपालिका) लगेच चालान करतात, म्हणून त्यांच्या ३११ अॅपवर टाकून गाडी बोलावली. दहा-बारा अख्ख्या फरश्या आईने बाजूला काढून ठेवल्यात, कुंड्यांखाली घालायला म्हणे.

मुंबईच्या मामेभावाला फोटो पाठवला तर विचारतो, लादी काढली का. त्यांच्याकडे लादी, आमच्याकडे फरशी. त्याचं घमेलं ते आमची तगारी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

काम बंद. साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवसभर लेव्हल.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो जी मला स्वतःलाच दोन दिवसांपूर्वीपर्यंत नीट कळली नव्हती. लेव्हल वेगळी आणि सपाटी वेगळी. फरशी एका बाजूला अर्धा इंच उतरती असून एकदम सपाट असू शकते, टाइल त्यावर झक्क बसेल, फक्त गोटी घरंगळेल. आणि चारही कोपरे पाणसळीत बरोबर असून मधे उंचवटे-खड्डे असू शकतात, तिथे टाइलच्या कडा वरखाली होतील आणि कोपरा बोटाला लागेल. आम्हाला दोन्ही पाहिजे. लेव्हल आईच्या दारासाठी, सपाटी टाइलसाठी.

सपाटी किती? मोठ्या टाइलला, म्हणजे जिची एक बाजू १५ इंच किंवा जास्त, अमेरिकन एएनएसआय स्टँडर्डप्रमाणे १० फुटांत १/८ इंचापेक्षा जास्त फरक नको, आणि २ फुटांत १/१६ इंच. लहान टाइलला १० फुटांत १/४ इंच चालतं. ब्रिटिश स्टँडर्ड २ मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटर म्हणतं. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत १/८ इंच म्हणजे एक सूत. म्हणजे दहा फुटांत एक सूत. मिस्त्रीला हे सांगितलं की हसणार हे माहीत होतं.

मित्राचा लेझर आणला होता. तो भिंतीवर रेघ मारून दाखवतो, छान वाटतं, पण आधी तपासला. हॉलच्या मधोमध ठेवून समोरच्या भिंतीवर खूण केली, मग लेझर जागेवरच उलटा फिरवून मागच्या भिंतीवर, मग एका भिंतीजवळ नेऊन दोन्ही खुणा परत बघितल्या. १४ फुटांत ४ मिलिमीटर खोटं बोलत होता. मित्राला फोन केला तर म्हणे, हो रे एकदा शिडीवरून पडला होता. लेझर परत पिशवीत.

मग आपली पारदर्शक नळी, ४० फूट, साधी. पाण्यात चिमूटभर कुंकू घातलं म्हणजे रेघ दिसते (बायको म्हणाली, "देवाऱ्यातलं?" हो, देवाऱ्यातलं). बुडबुडे सगळे जाईपर्यंत दहा मिनिटं नळी झटकत बसलो, एक बुडबुडा राहिला तरी रीडिंग खोटं. मुलीने एक टोक धरलं. आठ वर्षांची आहे, दर दोन मिनिटांनी हात खाली. स्वयंपाकघराच्या कोटा स्टोनपासून बरोबर एक मीटर वर एक खूण, तीच खूण नळीने दोन्ही खोल्यांत दर चार फुटांवर फिरवली आणि नीळ लावलेल्या दोरीने रेघ मारली. आता सगळी मापं या रेघेपासून खाली. रेघ भिंत रंगवेपर्यंत पुसायची नाही असं सगळ्यांना बजावलंय.

हिशोब असा: तयार टाइल रेघेपासून १००० मिलिमीटरवर. वजा टाइल-अॅडहेसिव्ह १४, म्हणजे खालचा थर १०१४ वर पाहिजे. जुना कोबा मोजला दर दोन फुटांवर, सगळीकडे १०५२ ते १०६४, आणि अंगणाकडच्या कोपऱ्यात १०८१. म्हणजे थर कमीत कमी ३८, कोपऱ्यात ६७. तोडल्यामुळे जागा मिळाली, ही एक चांगली गोष्ट.

२७ फेब्रुवारी

कोपरा खणला. जुना कोबा इथे तीन तुकडे होऊन खाली बसलेला, आणि त्याखाली काळी माती. ओली.

आपल्याकडे म्हणतात ना, मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर. शेतीला सोनं आहे, घराला नाही. माळव्याची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, दरवर्षी वर-खाली, वर-खाली. १९७९ ला या खोलीखाली भराव करताना मुरूम कमी पडला असेल आणि कोणीतरी अंगणातलीच माती ढकलली असेल. आजोबांना विचारायची सोय नाही. शिवाय अंगणातल्या नळाचा जुना लोखंडी पाइप भिंतीलगत पाझरत होता, म्हणजे त्या मातीला बारा महिने पावसाळा.

आधी प्लंबर बोलावून पाइप बदलला. हे आधी. पाणी चालू ठेवून वर कितीही सिमेंट ओतलं तरी उपयोग नाही.

मग चार बाय पाच फुटाचा तुकडा, दीड फूट खोल माती काढली. मिस्त्री म्हणाला एक फूट बस. दीड काढली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस (जमीन कुटायचं जड ठोकणं). बेलदारीण धुम्मस मारताना काहीतरी गुणगुणत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दणका, लय चुकत नव्हती. एकदम दीड फूट टाकून वरून कुटलं तर वरचे चार इंचच दबतात, खालचं तसंच पोकळ राहतं आणि पाच वर्षांनी आपण परत पुठ्ठा शोधतो.

१ मार्च

कोपऱ्यात २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, कडा जुन्या कोब्यावर सहा इंच चढवून, त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, सिमेंट-रेती-खडी १:३:६. वरची बाजू १०६० च्या आसपास ठेवली, मुद्दाम खडबडीत, खराट्याने ओरखडे मारून. मिस्त्रीला सवयीने गुरमाला (घोटायची थापी) फिरवायचा होता.

उरलेला जुना कोबा छिन्नीने टोचून घेतला, म्हणजे नवीन थराला धरायला जागा. धूळ दोनदा झाडली, एकदा पाण्याने धुतली.

२ ते ४ मार्च

पीसीसीवर ओली पोती. नळ एक दिवसाआड, त्यामुळे ड्रम भरून ठेवले. या तीन दिवसांत सियागंजला जाऊन सामान: सिमेंट, एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं द्रावण), थर्माकोलची १० मिलिमीटरची पट्टी, आणि १० फुटी अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप. पाइप सरळ आहे का ते दुकानातच बघितलं, जमिनीवर ठेवून पेन्सिलने रेघ, मग पाइप उलटा करून त्याच दोन टोकांवर परत रेघ. दोन रेघांच्या मधे फट दिसली तर पाइप वाकडा. पहिले दोन वाकडे निघाले. दुकानदार म्हणाला, "क्या भिया, रॉकेट बना रहे हो?"

हॉलसाठी माल (सिमेंट-रेतीचा) किती लागेल: १६८ चौरस फूट म्हणजे १५.६ चौरस मीटर, सरासरी ४८ मिलिमीटर, म्हणजे ०.७५ घनमीटर ओला. सुका माल धरायचा तर एक-तृतीयांश जास्त, साधारण १ घनमीटर. १:४ ला सिमेंट ०.२ घनमीटर, पोतं ०.०३४७ चं, म्हणजे ६ पोती, रेती २८-३० घनफूट. मिस्त्रीने तोंडी सांगितलं होतं "छह बोरी"... काहीही मोजलं नव्हतं त्याने. या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी सुधारलं.

५ मार्च

हॉलचा थर. सकाळी साडेसातला सुरू, कारण दुपारी खिडकीतून ऊन येतं आणि माल भराभर सुकतो.

माल अर्धसुका. मुठीत घेऊन दाबला की लाडू झाला पाहिजे, लाडवातून पाणी ठिबकता कामा नये, आणि बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. आईने खाटेवरून बघून सांगितलं, "बेसनाचा झालाय, रव्याचा पाहिजे." मिस्त्रीला भाषांतर करून सांगितलं, त्याने थोडी रेती घातली आणि म्हणाला, "माताजी सही बोल रही हैं।"

भिंतीलगत सगळीकडे थर्माकोलची पट्टी, म्हणजे थर भिंतीला चिकटणार नाही, हलायला जागा राहील. मग ठिय्ये. रेघेपासून १०१४ मोजून दर पाच फुटांवर मालाचा ठिय्या, वर टाइलचा तुकडा दाबून. ठिय्ये जोडून पट्टे, पट्ट्यांच्या मधे माल भरून, कुटून, आणि मग १० फुटी पाइप दोन पट्ट्यांवर ठेवून करवतीसारखा मागे-पुढे ओढत आणायचा. हे बघायला फार मजा येते. पाइपमागे एकदम कोरी जमीन उघडी होत जाते.

माल टाकायच्या आधी कोब्यावर सिमेंट-एसबीआरची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, झाडूने. नियम एकच, स्लरी ओली असतानाच माल पडला पाहिजे. सुकली की ती चिकटवायच्या ऐवजी मधला पापुद्रा होते. मी हे तीनदा सांगितलं आणि दुपारी बाराला मला फोन आला, मी बाहेर गेलो वीस मिनिटं. पुढे बघा.

६ मार्च

आईची खोली. लहान, दुपारपर्यंत संपली.

संध्याकाळी भांडण. मी चहा घेऊन आलो तर मिस्त्री हॉलच्या कालच्या थराच्या एका भागावर सुकं सिमेंट भुरभुरवून पाणी मारून गुरमाल्याने घोटत होता, आरशासारखं. त्याच्या हिशोबाने तो माझ्यावर उपकार करत होता, जास्तीचं काम, फुकट. मी ओरडलो. घोटलेल्या गुळगुळीत सिमेंटवर अॅडहेसिव्हला धरायला काही नसतं आणि तो वरचा पातळ सिमेंटचा साय-थर सुकताना बारीक तडकून सुटतो. त्याचं म्हणणं, तीस वर्षं असंच करतोय. त्याचंही बरोबर आहे म्हणा, तीस वर्षं तो टाइल जाड मालावर बसवतोय. प्रत्येक टाइल खाली मूठभर माल जास्त-कमी करून, ठोकून लेव्हलला आणायची. त्या पद्धतीत खालची जमीन कशीही असली तरी खरोखरच "टाइल में निकल जाता है". अॅडहेसिव्हमध्ये ५ मिलिमीटरच थर, त्यात काय आणि किती काढणार? खड्डा भरायला जाड थर दिला तर तो सुकताना आक्रसतो आणि टाइल ओढून खाली घेतो.

हे त्याला शांतपणे सांगितलं, तो शांतपणे ऐकून तारेचा ब्रश घेऊन बसला आणि घोटलेलं सगळं खरवडून काढलं. ताजं होतं म्हणून निघालं. उद्या असतं तर ग्राइंडर.

रात्री बेलदार जोडपं गावाला गेलं. उद्यापासून भगोरिया, आदिवासी भागातले होळीच्या आधीच्या आठवड्याचे मेळे, झाबुआ-अलीराजपूर-धार-बडवानीकडचा एकही मजूर आता इंदौरमध्ये थांबत नाही आणि थांबवूही नये. मिस्त्री म्हणाला तोही रंगपंचमीनंतरच येणार. म्हणजे दोन आठवडे काम बंद. बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला मात्र मनातून बरं वाटलं, थराला नाहीतरी तीन आठवडे हवे होते आणि ते मी मागितले असते तर कोणी दिले नसते.

७ ते १३ मार्च

तराई. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून वर प्लास्टिक. सात दिवस, एकही चुकवला नाही. एका दिवशी नळ आला नाही तेव्हा आरओचं वाया जाणारं पाणी वापरलं. बाकी काही नाही.

१५ मार्च

प्लास्टिक काढलं, दोन दिवस वारा दिला. आज मोजमाप.

दहा फुटी पाइप जमिनीवर ठेवून फटीत ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट सरकवायचा. बिट आत गेला तर नापास. आधी लांबीने, मग रुंदीने, मग तिरका दोन्हीकडून. तिरकं बघायला लोक विसरतात आणि खरी खोट तिरक्यातच सापडते. खडूने गोल करत गेलो.

हॉल: बहुतेक ठिकाणी २ च्या आत. खिडकीखाली ५ मिलिमीटरचा उंचवटा, दोन पट्टे जिथे मिळाले तिथे. मधोमध थोडा डावीकडे ४ मिलिमीटरचा खड्डा, ताटाएवढा नाही, चांगला परातीएवढा. आईची खोली पास. लेव्हल नळीने परत बघितली, स्वयंपाकघराच्या दारात १०१४, समोरच्या कोपऱ्यात १०१५, कपाटाच्या कोपऱ्यात १०१४. कपाटाच्या कोपऱ्यात तीनदा मोजलं, उगाच.

मग काठी. आणि तिथे, बारा वाजताचा फोन. दीड बाय दोन फुटाचा तुकडा, बद्द. आजूबाजूला खणखणीत आणि मधे बद्द, डोळे मिटून सीमा आखता येत होती. वरून बघाल तर काहीही दिसत नाही, लेव्हलला एकदम बरोबर.

१६ मार्च

तो तुकडा स्वतः काढला. ग्राइंडरने चौकोनी कापला आणि छिन्नीच्या तिसऱ्या घावाला अख्खा पोळीसारखा उचलला गेला. खाली स्लरीचा राखाडी पापुद्रा, सुकलेला, एका बाजूला कोब्याला चिकटलेला, वर काहीच नाही. मुलीने विचारलं, हे तर छान होतं, का तोडलं? तिला काठी दिली आणि ठोकायला सांगितलं, तिला कळलं. आता ती घरभर सगळं ठोकत फिरते, आजीचा गुडघा सुद्धा.

खड्डा साफ करून, ओला करून, ताजी स्लरी, आणि तिच्यावर लगेच पॉलिमरवाला रिपेअर माल.

१७ ते १९ मार्च

ओलाव्याची परीक्षा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान सोळा तास ठेवायचं. कपाटाच्या कोपऱ्यात, हॉलच्या मधे आणि आईच्या खोलीत. पहिल्या रात्रीनंतर कोपऱ्यातल्या प्लास्टिकखाली धुकं. बाकी दोन कोरडे. दिवसभर पंखा लावून संध्याकाळी परत चिकटवलं, १९ ला कोरडं.

१९ ला रंगपंचमी, राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. मी गेलो नाही, पण घरी येताना भाचा डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होऊन आला आणि थेट हॉलमध्ये पाऊल टाकणार होता. दारातच धरला. एक गुलाबी पंजा उंबऱ्याच्या जागी उमटलाच, तो आता टाइलखाली कायमचा.

२१ मार्च

मिस्त्री आला, बेलदार जोडपं २० लाच आलं होतं. खिडकीखालचा उंचवटा ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून घासला. धूळ भयंकर, दारांना ओल्या चादरी लावूनही स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बसली. मास्क न घालता हे करू नका, सिमेंट-रेतीची ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

खड्ड्यासाठी सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारा सिमेंटचा पातळ माल. नाव ऐकून वाटतं ओतलं की झालं. आधी प्रायमर, नाहीतर जमीन पाणी शोषून घेते आणि वर सुईच्या टोकासारखी भोकं पडतात. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. मिस्त्री तगारीने अंदाजे घालणार होता. मिक्सर, दोन मिनिटं, ओतला, पत्र्याने पसरवला. हातात जेमतेम वीस मिनिटं असतात, आणि दुपारच्या ३५ डिग्रीत तेवढीही नाहीत, म्हणून सकाळी सातला केलं. कड पातळ होत शून्यावर आली पाहिजे, तिथे थोडं नंतर सॅंडपेपर.

संध्याकाळी परत पाइप आणि ड्रिल बिट. या वेळी मिस्त्रीने स्वतःच बिट हातात घेतला आणि सगळीकडे सरकवून बघत होता, कुठेच आत जाईना. काही बोलला नाही. बेलदाराला म्हणाला, "देख, एक सूत भी नहीं है।"

२४ ते २६ मार्च

टाइल. गुजरातमधल्या मोरबीची, पेटी उघडून आधी सगळ्या सुक्या मांडून बघितल्या, हॉलच्या मधोमधून सुरुवात, म्हणजे भिंतीपाशी दोन्हीकडे अर्ध्यापेक्षा मोठे तुकडे येतात.

२४ च्या सकाळी अर्धी पेटी ड्रममध्ये बुडालेली सापडली. मिस्त्रीने सवयीने भिजत घातली होती. जाड मालावर सिरॅमिक बसवायची तर भिजवतात, कारण ती मालातलं पाणी ओढून घेते. मजल्याच्या सिरॅमिकचं शोषण साधारण ३ ते ६ टक्क्यांच्या गटातलं, विट्रिफाइडचं (जास्त घट्ट भाजलेल्या टाइलचं) अर्ध्या टक्क्याच्या आत. अॅडहेसिव्हला मात्र टाइल कोरडी लागते, त्यातलं पाणी धरून ठेवायचं काम त्याचं तो करतो. त्या टाइल गच्चीवर वाळत घातल्या, कुरडयांसारख्या.

अॅडहेसिव्ह भारतीय स्टँडर्ड आयएस १५४७७ चा टाइप २ घेतला, सिमेंटच्या जमिनीवर सिरॅमिकला टाइप १ पुरतो पण मोठी टाइल म्हणून. दहा मिलिमीटरच्या दातांची पट्टी, रेघा एकाच दिशेने, टाइलच्या मागेही पातळ हात. पाचव्या टाइलनंतर एक उचलून बघितली, मागे सगळीकडे लागलंय का. कोरड्या जागी कमीत कमी ८० टक्के पाहिजे, आमचं जवळजवळ पूर्ण. मिस्त्रीला टाइल उचलणं आवडलं नाही पण मागची बाजू बघून खूष झाला.

शेजारच्या टाइलच्या कडा बरोबरीत धरणारे लेव्हलिंग क्लिप आणि पाचर आणले होते, त्याने दोन ओळींना लावले आणि नंतर म्हणाला लागत नाहीयेत. खरंच लागत नव्हते. एकेक टाइल ठेवायची, थोडं घासायचं, पुढची. हॉल दीड दिवसात झाला. पहिल्या मिस्त्रीचे चार दिवस आठवले.

"टाइल में निकल जाएगा" एकूण सात वेळा. त्यातले पाच पहिल्या पंधरवड्यातले.

२८ मार्च

ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या फटी भरणं. भिंतीलगतची फट ग्राउटने भरली नाही, थर्माकोल वरून कापून तशीच ठेवली, वर स्कर्टिंग येईल.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी आईने स्वयंपाकघरातून वॉकर घेऊन हॉलमध्ये यायला सुरुवात केली, दारापाशी सवयीने थांबली, वॉकर उचलला, पुढे ठेवला, आणि मग खाली बघितलं. परत मागे गेली आणि न उचलता आली. तीनदा. श्रीखंडाचं पातेलं गॅसजवळ तसंच.

मुलीने गोटी ठेवली हॉलच्या मधोमध. थांबली. आईच्या खोलीत, थांबली. कपाटाच्या कोपऱ्यात, थांबली.

मग मी, भाचा आणि शेजारचे काका, तिघांनी मिळून कपाट परत जागेवर आणलं. आईने पुठ्ठा आधीच कचऱ्याच्या गाडीत दिला होता, सुक्या कचऱ्यात. कपाट ठेवलं, दार उघडलं, आणि कपाट डुललं. तसंच, अगदी पूर्वीसारखं, त्याच पायावर.

जमीन परत मोजली. शून्य. कपाट आडवं केलं आणि चारही पाय मोजले. मागचा उजवा दीड सूत आखूड आहे.

टाइलच्या पेटीचा पुठ्ठा अजून होता गच्चीवर. दोन घड्या पुरल्या.